नोंदवहीत शेऱ्याचा रकाना हवा

प्रति,
विक्रमांच्या नोंदी ठेवणारे अधिकारी,
युरोपियन प्रोफेशनल क्लब रग्बी, स्वित्झर्लंड

विषय : संघांच्या विक्रमांच्या तक्त्यात 'शेरा' हा एक रकाना वाढवण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी परळचा. गिरणगावात तीस वर्षांवर कबड्डीच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून बसलो. एक टेबल, दोन खुर्च्या, गुणपत्रक आणि खिशात दोन पेनं. मैदानावरची माती उडून कागदावर बसायची, तिच्यावर फुंकर मारायची आणि पुढचा गुण लिहायचा. आता मुलगी डब्लिनला असते, म्हणून वर्षातले तीन महिने मीही तिकडेच. जावयाला रग्बीचं वेड. पहिल्यांदा त्याच्याबरोबर टीव्हीसमोर बसलो, चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेला दोघं लोंबकळलेले पाहिले आणि म्हटलं, अरे, ही तर आपली पकड! तेव्हापासून तुमची स्पर्धा बघतो आहे, आणि जुन्या सवयीने वहीत उतरवून घेतो आहे.

पत्र मराठीत का, असं मुलीनेही विचारलं. तिला म्हटलं, यांच्या मैदानावर इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, वेल्श, आयरिश आणि आता आफ्रिकान्सही ऐकू येते. त्यात आणखी एक भाषा जड होऊ नये. शिवाय पत्र खुलं आहे. तुम्ही नाही वाचलंत तरी इकडचे चारजण वाचतील.

त्या चौघांसाठी थोडक्यात. १९९५ साली 'हायनेकेन कप' नावाने युरोपातल्या रग्बी क्लबांची ही स्पर्धा सुरू झाली. २०१४ मध्ये कारभार डब्लिनच्या संस्थेकडून तुमच्याकडे आला आणि नाव 'चॅम्पियन्स कप' झालं. आयर्लंड, इंग्लंड, फ्रान्स, वेल्स, स्कॉटलंड, इटली, आणि २०२२ पासून दक्षिण आफ्रिकेचेही क्लब. ट्रायला, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की, ५ गुण, त्यावरच्या कन्व्हर्जनच्या किकला २, पेनल्टीला ३, ड्रॉप गोललाही ३. ही किंमत स्पर्धा सुरू होण्याआधीपासून तशीच आहे, त्यामुळे १९९६चा २१ आणि २०२५चा २८ एकाच तराजूत घालता येतात. गुणांचं नाणं बदललं नाही, बाकी जवळजवळ सगळं बदललं. माझं म्हणणं या बाकीच्याबद्दल आहे.

२०२५च्या अंतिम सामन्यापर्यंतचा हिशोब धरतो. फ्रान्सचा तुलूझ ६ वेळा विजेता. डब्लिनचा लेन्स्टर ४. सॅरासेन्स आणि तुलाँ प्रत्येकी ३, पैकी तुलाँचे २०१३, २०१४, २०१५ असे लागोपाठ, जे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. लेस्टर, वॉस्प्स, मन्स्टर, ला रोशेल प्रत्येकी २. आकडे चोख आहेत, बेरजेला कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण ते मुके आहेत.

सर्वांत मोठ्या विजयाच्या नोंदीपासून सुरुवात करतो, कारण मी पहिल्यांदा अडखळलो तो तिथेच. १९९८च्या हंगामात तुलूझने आपल्या मैदानावर एब्बू व्हेलला १०८–१६ असं हरवलं. तब्बल ९२ गुणांचा फरक. (खालच्या चॅलेंज कपमध्ये २००२ साली सॅरासेन्सने बुखारेस्टच्या दिनामोवर १५१–० केले होते. ते गुणपत्रक लिहिणाऱ्याच्या मनगटाची मला काळजी वाटते.) यादीत एब्बू व्हेलचं नाव एवढ्याच कारणासाठी येतं. त्यांनी मार खाल्ला, एवढंच.

आता पुढची गोष्ट. एब्बू व्हेल हे दक्षिण वेल्समधल्या एका खोऱ्यातलं पोलादाचं गाव. कारखान्याच्या भोंग्यावर चालणारं. तो कारखाना २००२ मध्ये बंद पडला, म्हणजे आमच्या गिरण्यांचं झालं तेच वीसेक वर्षांनी तिकडे झालं. तर, १०८ गुण खाऊन हा संघ घरी आला, आणि त्याच हंगामात, त्याच गटात, परतीच्या सामन्यात याच तुलूझला त्याने १९–११ असं हरवलं. होय, हरवलं. पहिल्यावहिल्या स्पर्धेचा विजेता असलेला तुलूझ, त्याचा त्या गावात पराभव झाला. ही ओळ विक्रमांच्या कुठल्याच यादीत बसत नाही. १९ हा काही मोठा आकडा नाही, ८ गुणांचा फरक तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण ९२ गुणांची नोंद करून त्यासमोर 'परतीच्या सामन्यात एब्बू व्हेल विजयी, १९–११' एवढं लिहिलं नाही, तर तुम्ही अर्धंच गुणपत्रक फाइलला लावलंत असं मी म्हणेन. आमच्या लालबाग-परळमध्ये कुणी असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मंडळाची पोरं टेबलाशी आली असती.

यावरून पुढे चालीकडे येतो.

मराठी वाचकाला हा शब्द सांगायला नको. समोरचा संघ आलाच नाही, तर सरपंच ठरलेला वेळ वाट बघतो, शिट्टी मारतो, आणि हजर संघाला पुढे चाल मिळते. एका रात्री असंच झालं. पाहुण्या संघाचा टेम्पो वाटेत बंद पडला. साडेदहा वाजले, लाइट बिलाची चिंता करणारे आयोजक घड्याळाकडे बघत होते. मी गुणपत्रकावर 'पुढे चाल' लिहिलं आणि सही घ्यायला कागद पुढे सरकवला. त्यांच्यातला एकजण म्हणाला, काका, गटात गुणफरक काढावा लागेल, काहीतरी आकडा टाका की. मी म्हटलं, तक्त्यासाठी हवा तो आकडा तुम्ही तुमच्या फळ्यावर टाका, या कागदावर न झालेल्या सामन्याचे गुण मी लिहिणार नाही. फळा दुसऱ्या दिवशी पुसला जातो. कागद राहतो.

तुम्ही करोनाच्या काळात फळ्यावरचा आकडा कागदावर घेतलात. एखाद्या संघाला साथीमुळे खेळता आलं नाही, तर समोरच्याला २८–० असा विजय आणि गटाच्या तक्त्यात बोनससह ५ गुण (विजयाचे ४, चार ट्राय केल्याचा बोनस १). २८ म्हणजे चार ट्राय आणि चारही कन्व्हर्जन. हिशोब म्हणून सुबक आहे. पण ते चार ट्राय कुणी केले?

२०२१च्या डिसेंबरात लेन्स्टरला माँपेलिएच्या मैदानावर खेळायचं होतं. लेन्स्टरमध्ये करोनाचे रुग्ण निघाले, सामना रद्द झाला, माँपेलिएला २८–० देण्यात आले. लेन्स्टरने नाराजी जाहीर केली होती. महिन्याभराने, जानेवारी २०२२ मध्ये, माँपेलिए परतीच्या सामन्याला डब्लिनला आला आणि लेन्स्टरने त्याला ८९–७ असं धुतलं. माझ्या जावयाच्या मते तो हिशोब तिथेच चुकता झाला. जावई लेन्स्टरवाला आहे, त्याचं सोडा. (आणि माँपेलिए काही लेचापेचा संघ नव्हता, त्याच हंगामात तो फ्रान्सचा विजेता झाला.) मला खटकतं ते वेगळंच. दोन संघांमधल्या त्या हंगामाच्या नोंदीत एक विजय याचा, एक विजय त्याचा, अशी बरोबरी दिसते. शंभर वर्षांनी कुणी वही उघडली तर त्याला वाटेल, काय उलटापालटीचा मामला होता! मामला असा होता की एका सामन्यात चेंडू हवेत उडालाच नाही.

डिसेंबरातल्या त्याच आठवड्यात फ्रेंच सरकारने ब्रिटनच्या प्रवासावर निर्बंध आणले, आणि फ्रान्स-ब्रिटनमधले बरेच सामने पुढे ढकलले गेले. ते पुढे कधी झालेच नाहीत. त्यांची नोंद कशी केलीत? ०–०, बरोबरी, तक्त्यात दोघांना दोन-दोन गुण. तुलूझ आणि वॉस्प्स यांच्यातला सामना त्यातलाच. रग्बीत ०–० बरोबरी म्हणजे काय चीज असेल विचार करा: ऐंशी मिनिटं चिखलात झुंजून दोन्ही बाजूंना एकही गुण नाही! असा सामना खरोखर झाला असता तर लोकांनी त्याच्या आठवणी नातवंडांना सांगितल्या असत्या. इथे मैदानावर कुणी आलंच नव्हतं.

आणि यातला वॉस्प्स आता मुळी नाही. १८६७ साली स्थापन झालेला इंग्लिश क्लब, २००४ आणि २००७ असा दोनदा युरोपचा विजेता. २००७ची अंतिम फेरी तर ट्विकनहॅमवर ८१ हजार लोकांसमोर जिंकली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्जापायी प्रशासक आले, खेळाडूंना नारळ मिळाला. तुमच्या यादीत वॉस्प्ससमोर '२' हा आकडा आहे, लेस्टरसमोरही '२' आहे. लेस्टरचा आकडा उद्या ३ होऊ शकतो. वॉस्प्स पुन्हा उभा राहो ही इच्छा आहेच, तोवर त्या '२' शेजारी एक तारीख लिहा एवढंच मागणं.

तुलूझच्या सहा विजेतेपदांकडेही मला याच चष्म्यातून बघायचं आहे. कुणाचं काही कमी करायचं नाही. सहा म्हणजे सहा. पण सहा वेळा जिंकायला काय काय करावं लागलं? पहिल्या हंगामात फक्त १२ संघ होते, तीन-तीनचे चार गट. इंग्लंड आणि स्कॉटलंडचे क्लब आलेच नव्हते. तुलूझने पहिला सामना रुमेनियात कॉन्स्टान्झाला जाऊन फारुलविरुद्ध ५४–१० असा जिंकला, मग ट्रेव्हिसो, मग उपांत्य फेरीत स्वॉन्सी, आणि जानेवारी १९९६ मध्ये कार्डिफला कार्डिफच्याच घरात जादा वेळेत २१–१८ असं हरवून चषक उचलला. एकूण चार सामने. २००३ मध्ये त्याच चषकासाठी नऊ सामने खेळावे लागले. २०२१ मध्ये गटाचे चारपैकी दोनच फेरे झाले, आणि त्यातल्या दुसऱ्यात आधीच्या वर्षीचा विजेता एक्सिटर करोनामुळे खेळू शकला नाही, म्हणून तुलूझला तेच २८–०. म्हणजे प्रत्यक्ष मैदानावरचे सामने पाच. २०२४ मध्ये आठ, आणि त्यातला शेवटचा लेन्स्टरविरुद्ध, जादा वेळेसह शंभर मिनिटांचा, ३१–२२.

अपराजित विजेत्यांचंही तेच. सॅरासेन्सने २०१६ मध्ये नऊपैकी नऊ जिंकले, लेन्स्टरने २०१८ मध्ये नऊपैकी नऊ. बोर्दो-बेग्लने २०२५ मध्ये आठपैकी आठ. जुन्या पद्धतीत गटातल्या प्रत्येकाशी घरी आणि बाहेर असं दोनदा भिडावं लागे. आता सहा जणांच्या गटात चारच सामने असतात, आणि एब्बू व्हेलसारखी परतफेड करायची सोयच उरलेली नाही. तेव्हा '१०० टक्के' लिहिताना कशाचे १०० टक्के, हेही लिहावं.

१९९९चा विजेता अल्स्टर. त्या वर्षी इंग्लिश क्लबांनी बहिष्कार घातला होता. अल्स्टरचा त्यात काय दोष? आलेल्यांना त्यांनी हरवलं, तुलूझला तर गटातही आणि बाद फेरीतही. पण शेरा हवा.

इथे एक नाजूक बाब आहे, ती टाळून चालणार नाही. सॅरासेन्सची तीन विजेतेपदं २०१६, २०१७, २०१९ची. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लिश लीगमधली पगाराची कमाल मर्यादा २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन हंगामांत मोडल्याबद्दल त्यांना ५० लाख पौंडांहून जास्त दंड झाला, ३५ गुण कापले गेले, आणि शेवटी त्यांना खालच्या लीगमध्ये जावं लागलं. नियम तुमचा नव्हता, तिकडच्या लीगचा होता. त्यामुळे युरोपची पदकं तशीच राहिली. माझ्या ओळखीचे अर्धे लोक म्हणतात खोडा ती नावं. माझ्या मते खोडू नयेत. खोडलेल्या ओळीतून कुणालाच काही कळत नाही, आणि अंतिम सामन्यात हरलेल्याला मागाहून विजेता करायचं तर त्यालाही त्यात काही चव नाही. पण कोरीही सोडू नयेत. २०१७ आणि २०१९ या दोन विजेतेपदांसमोर एक वाक्य, तारीख आणि आकड्यासकट, विशेषणाशिवाय. वाचणारा काय समजायचं ते समजेल.

बरोबरीच्या सामन्यांबद्दल मात्र तुम्ही आणि आम्ही अगदी भाऊ-भाऊ. आमच्यात बाद फेरीत सामना समान गुणांवर सुटला तर पाच-पाच चढाया देतात, तरीही नाही सुटला तर सुवर्ण चढाई. तुमच्यात चेंडू ठेवून गोलवर किक मारायची स्पर्धा. २००९च्या उपांत्य फेरीत लेस्टर आणि कार्डिफ २६–२६ होते, किकांमध्ये लेस्टर ७–६. २०२२च्या उपांत्यपूर्व फेरीत मन्स्टर आणि तुलूझ २४–२४, किकांमध्ये तुलूझ ४–२. तो मन्स्टरचा 'घरचा' सामना होता, पण लिमरिकचं त्यांचं थोमंड पार्क गाण्याच्या कार्यक्रमाला दिलेलं असल्यामुळे तो दोनशे किलोमीटरवर डब्लिनला झाला! आमच्या मैदानावर लग्नाचा मांडव पडतो तेव्हा मी उगाच चिडायचो. तर अशा सामन्यांत हरलेल्या संघाच्या खात्यावर नुसता 'पराभव' लिहू नये. शंभर मिनिटांत त्यांना कुणी हरवलं नव्हतं.

थोमंड पार्कचं नाव निघालंच आहे, तर. मन्स्टर तिथे या स्पर्धेत १९९५ पासून जानेवारी २००७ पर्यंत एकदाही हरला नाही. २६ सामने. लेस्टरने १३–६ अशी ती माळ तोडली. हा विक्रम यादीत आहे, योग्यच. पण लिमरिकच्या माणसाला विचारा, तो २६चा आकडा सांगणार नाही, ३३–६ सांगेल. जानेवारी २००३. ग्लॉस्टर पाहुणा. मन्स्टरला पुढे जायचं तर नुसतं जिंकून भागणार नव्हतं. निदान २७ गुणांच्या फरकाने आणि चार ट्राय करून जिंकायचं होतं. शेवटच्या क्षणी जॉन केलीने चौथा ट्राय केला, आणि त्यावरची किक रोनन ओगाराने मारली. ३३ वजा ६ किती, ते तुम्हीच करा. विक्रमांच्या यादीत ३३–६ कुठेच बसत नाही, असे विजय पोत्याने झाले आहेत. समोर दोन ओळींचा शेरा असेल तरच तो आकडा बोलतो.

हाच ओगारा पुढे ला रोशेलचा प्रशिक्षक म्हणून आमच्या घरात दोनदा सुतक आणून गेला. २०२२ला मार्सेयमध्ये लेन्स्टर २१–२४ हरला: सात पेनल्टी, एकही ट्राय नाही. २०२३चा सामना डब्लिनमध्ये, घराजवळच, जावयाने तिकिटं काढलेली. मी वही घेऊन गेलो. बाराव्या मिनिटाला लेन्स्टर १७–०. माझ्या पुढच्या रांगेतले लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मी मान खाली घालून लिहीत होतो: ट्राय, ट्राय, ट्राय, आणि कन्व्हर्जनच्या रकान्यात एकच टिंब. तीन ट्राय होऊनही १७च. त्या दोन रिकाम्या चौकोनांवर पेन्सिल टेकवून मी जावयाला म्हटलं, हे चार गुण बघ. त्याने ऐकलं नाही, आणि ते साहजिकच होतं. सामना संपला तेव्हा ला रोशेल २७, लेन्स्टर २६. घरी येऊन ताळा केला. दोघांचेही ट्राय तीन-तीन. ला रोशेलची तिन्ही कन्व्हर्जन आत, लेन्स्टरचं एक. पेनल्टी लेन्स्टरच्या तीन, ला रोशेलच्या दोन. जावई जेवला नाही. मी वही त्याच्यासमोर ठेवली होती, ती मुलीने उचलून आत नेली.

लेन्स्टरच्या नावावर २०१९, २०२२, २०२३, २०२४ असे चार हरलेले अंतिम सामने आहेत, आणि त्यांना चिडवायला तो आकडा पुरेसा आहे. या चारांपैकी एक एका गुणाने गेला, एक तीन गुणांनी, एक जादा वेळेत. २०१९चा मात्र सरळ, २०–१०. चार आकड्यांना चार शेरे, फार शाई लागणार नाही.

मागणी एवढीच आहे. जुने आकडे एकही बदलू नका. प्रत्येक विक्रमासमोर एक रकाना आखा. न खेळलेले सामने त्यात 'पुढे चाल' म्हणून वेगळे दाखवा, मग तुमच्या भाषेत त्याला जो शब्द असेल तो. स्पर्धा त्या वर्षी किती संघांची, किती सामन्यांची होती ते लिहा. हे काम एका माणसाचं आहे, आणि चहा वेळेवर मिळाला तर एका पावसाळ्याचं.

कळावे,

आपला,
एक निवृत्त गुणलेखक, परळ (सध्या मुक्काम डब्लिन)

ता. क. : रकाना किती रुंद ठेवावा असा प्रश्न पडला तर माझ्या वहीत तो दीड इंचाचा आहे. एब्बू व्हेल त्यात बसलं. मन्स्टर-ग्लॉस्टर बसेना, ते मागच्या पानावर नेलं आहे. तुलूझ-वॉस्प्सच्या ओळीत गुणांच्या जागी आडवी रेघ मारली आहे.